भाकरी कोणत्या चौकटीत भरायची?

आमच्या मराठवाड्यात जाड माणसाला पूर्वी कुणी आजारी म्हणत नसे. ‘खात्यापित्या घरचा’ असे म्हणत, आणि त्यात थोडे कौतुकच असे. ज्या मुलखाने १९७२चा दुष्काळ पाहिला, दुष्काळी कामावर खडी फोडून मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, त्या मुलखात अंगावर चार किलो जास्त असणे म्हणजे घरातल्या कणगीत धान्य असल्याची खूण होती. मुलगी पाहायला आलेली मंडळी ‘अंगाने भरलेली आहे’ हे गुणांत मोजत. तीच मुलगी दोन बाळंतपणांनंतर आणखी भरली, की मात्र चेष्टा सुरू होई. शाळेत ‘भोपळा’, पंगतीत ‘जरा सरकून घ्या’, एस.टी.त ‘मावशी, तुम्हाला दोन तिकिटं लागतील’. जाड माणूस हे सारे हसून घेतो. हसून घेणे हाच त्याचा बचाव असतो.

आता कौतुक संपले आहे आणि चेष्टा तेवढी उरली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळपास २३ टक्के लोकांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. २०१५-१६च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. म्हणजे पाच वर्षांत पुरुषांमध्ये चार टक्क्यांची वाढ. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला आणि महिन्याच्या तेलात दहा टक्के कपात करा, असे सांगितले. प्रश्न दिल्लीपर्यंत पोचला आहे, हे चांगले झाले. पण तो उदगीरच्या घराघरांत कसा उतरतो आहे, हे पाहिले की मनात वेगळेच विचार येतात.

उतरतो आहे तो मोबाइलमधून. डॉक्टर तपासतात, साखर आणि रक्तदाब पाहतात आणि म्हणतात, ‘वजन कमी करा.’ कसे, हे सांगायला त्यांना वेळ नसतो. बाहेर पन्नास माणसे बसलेली असतात. तालुक्याच्या गावी आहारतज्ज्ञ शोधायचा तर लातूर किंवा नांदेड गाठावे लागते. मग सुट्टीला पुण्याहून आलेला मुलगा किंवा भाचा आईच्या फोनवर एक ॲप टाकून देतो. खाल्लेले लिहायचे, चाललेले मोजायचे, वजन नोंदवायचे. ‘आई, रोज भरत जा बरं का,’ असे बजावून तो परत जातो. पंधरा दिवसांनी ते ॲप फोनच्या कोपऱ्यात पडलेले असते आणि आई म्हणते, ‘माझ्याच्यानं नाही झालं बाबा. माझ्यात तेवढा निश्चयच नाही.’

हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या जणांकडून ऐकले, की ते खरे आहे का, हे तपासावेसे वाटले. शेजारच्या पंचावन्न वर्षांच्या काकू, मोंढ्यातील आडत दुकानावर दिवसभर गादीवर बसणारे एक गृहस्थ आणि गुडघे धरलेले एक निवृत्त शिक्षक अशा तिघांजवळ बसून ती ॲपे मी त्यांच्याबरोबर पहिल्या पानापासून भरून पाहिली. जे दिसले ते असे, की निश्चय तिघांतही होता. ते यंत्र त्यांच्यासाठी केलेलेच नव्हते.

पहिल्या पानावरची परीक्षा

आरंभ होतो तोच परीक्षेने. ॲप आधी ई-मेल विचारते. काकूंना ई-मेल नाही. मग मोबाइल क्रमांक आणि त्यावर येणारा आकडा. फोन काकूंच्या हातात असला तरी सिमकार्ड मुलाच्या नावे आहे आणि रिचार्ज संपले की फोन मुका होतो. पुढे जन्मतारीख. आमच्या पिढीतल्या अर्ध्या खेड्याची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घातलेली १ जून आहे, वर्ष अंदाजाने. मग उंची, तीही सेंटिमीटरमध्ये. आपल्याकडे उंची फुटात सांगतात आणि तीही ‘पाचच्या वर थोडी’ अशी. आणि हे सारे प्रश्न इंग्रजीत. काही ॲपांत भाषा बदलण्याची सोय असते, पण ती सोय जिथे लपवलेली असते तिथपर्यंत जायला इंग्रजी यावे लागते! किल्लीच पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावावे, तसला हा प्रकार.

याच सर्वेक्षणात आणखी एक माहिती आहे. देशातील ग्रामीण स्त्रियांपैकी जेमतेम एक चतुर्थांश स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. ग्रामीण पुरुषांत हे प्रमाण जवळपास निम्मे होते. त्यानंतर फोन वाढले, स्वस्त झाले हे खरे. पण घरात एक फोन असणे आणि बाईचा स्वतःचा फोन असणे यांत बरेच अंतर आहे. आपले वजन, आपली पाळी, आपले औषध या गोष्टी दिवसभर नातवाच्या हातात असणाऱ्या फोनवर कोणती बाई मोकळेपणाने लिहील?

पोळी आहे, भाकरी नाही

दुसरी अडचण ताटाची. ॲप विचारते, आज काय खाल्ले? खाली यादी येते. पावाचे काप, वाटीभर ओट्स, उकडलेली अंडी, कोशिंबीर. नंतर परिस्थिती सुधारली, हे नमूद केले पाहिजे. बंगळुरूत २०१२मध्ये सुरू झालेल्या हेल्दीफायमीसारख्या भारतीय ॲपांनी आपल्याकडील पदार्थांच्या याद्या केल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये ५२८ भारतीय खाद्यवस्तूंच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले आणि त्या संस्थेचे स्वतःचे ॲपही आहे. म्हणजे शास्त्राने आपले काम केले आहे. अडते आहे ते शास्त्र आणि चूल यांच्या मधल्या जागेत.

‘ज्वारीची भाकरी, एक नग’ असे यादीत सापडते. पण कोणाची भाकरी? एकीच्या हातची भाकरी पापुद्र्यासारखी, तर दुसरीच्या हातची तळहाताएवढ्या जाडीची; शेतावर न्यायची वेगळी, घरच्या ताटातली वेगळी. दोघींच्या पिठात दुपटीचा फरक सहज पडतो. शेंगदाण्याच्या चटणीचे प्रमाण चमच्यात विचारतात. आमच्याकडे ती चिमटीने सुरू होते आणि ‘अजून थोडी’ने संपते. तेलाची तऱ्हा तर न्यारीच. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक, हे पोषणशास्त्राचे साधे गणित. पण फोडणीचे तेल पळीने पडते, ते पाच माणसांच्या कालवणात जाते आणि वर तरंगणारा तवंग कोणाच्या वाटीत जास्त गेला, हे कोण सांगणार?

त्यात स्वयंपाक करणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. उरलेली दीड भाकरी, पातेल्याच्या बुडाशी राहिलेले वरण, नातवाने टाकलेला भाताचा घास. अन्न वाया जाऊ नये म्हणून खाल्लेल्या या घासांसाठी कोणत्याही ॲपमध्ये रकाना नाही. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण असे तीन कप्पे असतात. मोंढ्यातल्या माणसाचे जेवण सौद्याच्या वेळेवर ठरते. सोयाबीनची आवक वाढली की दुपारचे जेवण चार वाजता होते आणि तोवर पाच कप गोड चहा झालेले असतात. एकादशीची साबुदाणा खिचडी, रमजानमधली पहाटेची सहेरी, लग्नसराईतल्या पंगती ही आपल्या वर्षाची खरी घडी. ॲपच्या दृष्टीने मात्र वर्षाचे ३६५ दिवस सारखेच असतात.

दहा हजार पावले आणि साडीचा खिसा

तिसरी गोष्ट चालण्याची. रोज दहा हजार पावले हा आकडा आता वेदवाक्यासारखा सांगितला जातो. त्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५मध्ये, जपानमधील एका कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा लक्षात राहण्याजोगा होता, तो चिकटला. २०१९मध्ये अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला साधारण ४,४०० पावले चालणाऱ्यांतही फारच कमी चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि ७,५०० पावलांनंतर हा लाभ फारसा वाढत नव्हता. गुडघे दुखणाऱ्या, नव्वद किलोंच्या माणसाला हे कुणी सांगत नाही. त्याच्या फोनवर रात्री नऊ वाजता एवढेच उमटते, की लक्ष्य अपूर्ण, अजून ६,२०० पावले बाकी.

आणि पावले मोजतो कोण? खिशातला फोन. साडीला खिसा नसतो. काकू दिवसभर अंगण, चूल, नळ, गच्ची अशा चालतात तेव्हा फोन फडताळात असतो. संध्याकाळी ॲप त्यांना सांगते, की आज तुम्ही तीनशे पावले चाललात. दिवसभर राबलेल्या बाईला ‘तू आळशी आहेस’ असे सांगणाऱ्या यंत्रावर तिने का विश्वास ठेवावा? मनगटी पट्टा घ्यावा तर तो शेवटच्या भोकापर्यंत नेऊनही मनगटाला आवळतो. व्यायामाच्या चित्रफितींत पंचवीस वर्षांची सडपातळ मुले उड्या मारतात. खुर्चीत बसून किंवा भिंतीला धरून करायचे व्यायाम शोधावे लागतात. अनेक घरगुती वजनकाट्यांची मर्यादा दीडशे किलोंवर संपते आणि पोट मोठे असलेल्या माणसाला काट्यावर उभे राहून स्वतःचा आकडा वाचताच येत नाही. रक्तदाब मोजायचा पट्टा जाड दंडाला लहान पडला तर दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ज्यांच्यासाठी ही साधने आहेत, त्यांच्या शरीराचे मापच साधने करणाऱ्यांनी घेतलेले नसते.

सरासरी माणूस युरोपातला

या साऱ्याच्या मुळाशी एक आकडा आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. येईल तो बीएमआय. हे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी १८३०च्या दशकात मांडले. त्यांना एखाद्या रुग्णाची तब्येत पाहायची नव्हती. ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे शोधायचे होते. १९७२मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. जागतिक निकषात पंचवीसच्या पुढे वजन जास्त आणि तीसच्या पुढे लठ्ठपणा. भारतीयांसाठी २००९मध्ये आपल्या तज्ज्ञांनी या सीमा तेवीस आणि पंचवीस अशा खाली आणल्या.

का आणल्या, याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण बाळ हडकुळे असले तरी कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिकांनी आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांनी आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हे एका चित्राने जगाला कळले.

उपाशी पोटी वाढलेल्या मराठवाड्याला याचा अर्थ निराळा सांगायला नको. ज्या शरीराला काटकसरीची सवय लागली, त्याच्यावर अचानक भरल्या ताटाची, बसून करायच्या कामाची आणि तेलातुपाची वेळ आली, की ते साठवते. तो त्याचा स्वभाव झालेला असतो. शिवाय वजन उतरू लागले, की शरीर भूक वाढवते आणि खर्च कमी करते. म्हणजे जाड माणूस वजनाशी झगडतो तेव्हा तो स्वतःच्याच शरीराच्या हट्टाशी झगडत असतो. हे ठाऊक असलेला वैद्य रुग्णाला सांभाळून घेतो. ॲपला हे ठाऊक नसते. ते फक्त लाल रंग दाखवते. दोन घास जास्त गेले की लाल, वजन अर्धा किलो चढले की लाल. जन्मभर हिणवून घेतलेल्या माणसाला रोज रात्री खिशातून काढून वाचण्यासाठी आणखी एक टोमणा, एवढेच त्याचे काम उरते.

नोंद ठेवल्याने उपयोग होतो, हे संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. पण नोंद म्हणजे सगळे औषध नव्हे. २०१६मध्ये अमेरिकेतील ४७१ तरुणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांनाच आहाराचा आणि व्यायामाचा सल्ला मिळत होता. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना अंगावर बांधायची यंत्रे दिली आणि उरलेल्यांनी आपली नोंद आपणच ठेवली. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोंनी उतरले होते, तर यंत्राशिवाय राहिलेल्यांचे ५.९ किलोंनी. शिकलेल्या, इंग्रजी येणाऱ्या, स्वतःचा फोन असणाऱ्या तरुणांची ही गत, तर आमच्या काकूंना दोष कसा द्यावा?

दोन धडे, दोन्ही जवळचे

यंत्र चुकीचे असले तर माणसांनी काय करावे, याचा एक धडा आपल्याच राज्यात मिळाला आहे. केंद्राच्या पोषण योजनेच्या नोंदींसाठी २०२१मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप अंगणवाडी सेविकांना सक्तीचे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत करायला सुरुवात केली. फोन निकृष्ट आहेत, त्यांची साठवणक्षमता तोकडी आहे आणि ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार. त्यांनी ‘आमच्यात निश्चय नाही’ असे म्हटले नाही. ‘तुमचे यंत्र नीट करा’ असे म्हटले. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे त्या ॲपमध्ये भारतीय भाषा आल्या. सेविकांच्या पाठीशी संघटना होती. लठ्ठ माणसाच्या पाठीशी कोणीच नसते, म्हणून तो गुपचूप ॲप काढून टाकतो आणि दोष आपल्या पदरात घेतो.

दुसरा धडा लातूरचा आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून एक पद्धत मांडली. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि रोज पाऊण तास चालायचे. या पद्धतीविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले काही करू नये, हे स्पष्टच सांगतो. मला इथे तिच्या वैद्यकीय बाजूचा निवाडा करायचा नाही. मला कुतूहल आहे ते तिच्या प्रसाराचे. मराठीतले एक साधे व्याख्यान फोनवरून घरोघर गेले. उष्मांक मोजायचे नव्हते, चौकटी भरायच्या नव्हत्या, भाकरीचे वजन करायचे नव्हते. नियम एका दमात सांगता येत होता आणि सासू सुनेला तो समजावू शकत होती. पुढे व्हॉट्सॲपचे गट झाले, अडचण आली की विचारायला माणूस होता आणि उत्तर मराठीत मिळत होते. फोन तोच, माणसेही तीच. तरी इथे ती टिकली आणि ॲपमध्ये टिकली नाहीत. यावरून ॲप करणाऱ्यांनी काही शिकावे की नाही?

मग काय हवे?

माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे टेप. प्रत्येक घरातल्या शिवणयंत्राच्या खणात तो असतो. आपल्याकडे स्त्रियांची कमर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९०च्या पुढे गेली की धोक्याची खूण मानतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी करण्यासाठी आशाताईंच्या हाती जो प्रश्नांचा अर्ज दिलेला आहे, त्यात कमरेचे माप आहेच. म्हणजे सरकारी कागदाला जे कळले आहे, ते ॲपला कळायला हरकत नसावी. वजनाचा आकडा रोज विचारण्यापेक्षा महिन्यातून एकदा कमरेचे माप विचारा. कंबर दोन बोटे कमी झाली हे परकराच्या नाडीवरूनही कळते, आणि त्याचा आनंद काट्यावरच्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ज्याला लिहिता येत नाही किंवा लिहायचा कंटाळा आहे, त्याला बोलू द्या. ‘दीड भाकर, वाटीभर वरण, चहा तीन डाव’ एवढे तो सहज सांगेल. आजच्या यंत्रांना मराठी बोली ऐकून समजायला लागली आहे. तिला आमच्या ‘करायलो’, ‘जायलो’ची सवय करून देणे अशक्य नाही. आणि उदगीरसारख्या गावात नुसती प्रमाण मराठीही पुरत नाही. हे बिदरच्या शेजारचे गाव. इथल्या एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू नांदतात. तिसरी गोष्ट मापाची. ग्रॅम विचारू नका. चार आकारांच्या भाकऱ्यांची चित्रे दाखवा आणि ‘यातली कोणती?’ एवढेच विचारा. तेल माणशी न विचारता घरात महिन्याला डबा किती दिवस पुरतो, ते विचारा. उत्तर घरातल्या बाईच्या जिभेवर असते. चौथी गोष्ट, लाल रंग काढून टाका. ज्या दिवशी नोंद झाली नाही, त्या दिवसाबद्दल गप्प बसायला यंत्राला शिकवा.

पाचवी गोष्ट खासगीपणाची. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३मध्ये संसदेने कायदा केला. माहिती घेण्यापूर्वीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. माझी माहिती तुम्ही घेणार, हे मला मराठीत सांगावे लागणार असेल, तर त्या माहितीच्या बदल्यात मिळणारा सल्ला मराठीत मागण्याचा मला अधिकार नाही का? आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्राच्या टोकाला माणूस हवा. आशाताई असो, आरोग्यसेविका असो, कॉलेजातली एखादी मुलगी असो. महिन्यातून एकदा घरी येऊन ‘काकू, कसं चाललंय?’ असे विचारणारे कोणी असेल, तर साधी वहीसुद्धा पुरते.

२०२२च्या एप्रिलमध्ये आमच्या उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. मराठी ज्ञानभाषा व्हावी, अशी भाषणे असल्या प्रत्येक मांडवात होतात. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. मला वाटते, भाषेची खरी परीक्षा अशा लहान जागी होते. रात्री नऊ वाजता, दमलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला आपल्या तब्येतीविषयी आपल्या भाषेत एक प्रश्न विचारता येतो का आणि तिला न हिणवणारे उत्तर मिळते का, इथे.

तोवर वाचकांपैकी ज्यांनी आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर असे ॲप टाकून दिले आहे, त्यांना एक विनंती. पुढच्या सुट्टीत घरी आलात, की ‘भरत का नाहीस?’ असे विचारू नका. त्यांच्याजवळ बसा, फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि कालचे जेवण त्यांना भरायला सांगा. मध्ये बोलू नका, बोटाने दाखवू नका. ते कुठे अडतात, तेवढे पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. तो कागद ॲप करणाऱ्यांना पाठवता आला तर पाठवा. नाही जमले, तर निदान ती यादी एकदा आईला वाचून दाखवा. दोष तिचा नव्हता, हे तिला कुणीतरी सांगायला हवे आहे.